तोडा, चकमक आणि टोपी

मराठवाड्याच्या मातीत बंदूक किती वेगाने चालली?

ऐतिहासिक कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत जी काल्पनिक युद्धे होतात, त्यांत शस्त्रांची प्रगती मोठ्या झपाट्याने होते. पहिल्या प्रकरणात नायकाच्या कमरेला नुसती तलवार असते. पाचव्या प्रकरणात राजधानीतला एखादा विक्षिप्त लोहार रात्र रात्र जागून एक अद्भुत नळी तयार करतो. दहाव्या प्रकरणात तसल्या नळ्या हजारोंनी फौजेच्या खांद्यावर येतात, पंधराव्यात शत्रू त्याहून सरस हत्यार काढतो, आणि शेवटच्या लढाईत दोन्ही बाजूंनी असा काही भडिमार होतो की, पहिल्या प्रकरणातील ती तलवार लेखकालाही आठवत नाही. हे सारे एका पिढीत, पुष्कळदा एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत आटोपते. वाचकालाही त्यात काही खटकत नाही. गोष्ट पुढे सरकली म्हणजे त्याचे समाधान होते.

पण खऱ्या युद्धांत शस्त्रे इतक्या वेगाने बदलली का? आणि बदलली नसतील, तर त्यांचे घोडे नेमके कुठे अडले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लंडन-पॅरिसच्या शस्त्रागारांत जायला नको. नांदेड आणि लातूर हे आपले दोन जिल्हे आणि त्यांच्या आसपासचा मुलूख एवढे पुरे आहे. कंधार, उदगीर, औसा हे तीन भुईकोट किल्ले, नांदेडचा गुरुद्वारा आणि ज्यांच्या आठवणी अजून घराघरांत निघतात अशी 1948 सालची धामधूम, एवढ्या सामग्रीवर बंदुकीच्या चारशे वर्षांच्या वाटचालीचा हिशेब मांडता येतो. हा हिशेब कादंबरीतल्या हिशेबाहून फार वेगळा निघतो.

दिवाळीतल्या तीन तऱ्हा

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. ती दिवाळीच्या दिवसांत जितकी सोपी, तितकी एरवी नाही. बंदुकीची जुनी दारू म्हणजे शोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. अंगणातला भुईनळा याच कुळातला. नळीत दारू भरायची, तिच्यावर गोळी ठासायची आणि मागच्या बारीक छिद्रातून, म्हणजे कान्यातून, विस्तव आत पोचवायचा, एवढेच बंदुकीचे मूळ काम. तो विस्तव कसा पोचवावा, या एका प्रश्नावर माणसाने साडेतीनशे वर्षे घालवली.

पहिली तऱ्हा उदबत्तीची. मुले फटाक्याची वात उदबत्तीने पेटवतात, तशी जुन्या बंदुकीला शोऱ्यात भिजवून वाळवलेली, धुमसत राहणारी दोरी असे. तिला तोडा किंवा जामगी म्हणत. चाप ओढला की ही जळती दोरी कान्यावर येऊन टेके. ही तोडेदार बंदूक. पाऊस आला की तोडा विझे, आणि रात्री हजार बरकंदाज दबा धरून बसले तर हजार ठिणग्या शत्रूला लांबून दिसत.

दुसरी तऱ्हा चकमकीची. स्वयंपाकघरात गॅस पेटवायला आपण ठिणगीचा लायटर वापरतो, त्याच जातीची. चापाबरोबर गारगोटी पोलादावर आपटे आणि ठिणगी उडे. तोडा पेटता ठेवण्याची कटकट गेली. सैनिक एकमेकांना खेटून उभे राहू शकले, बंदूक भरण्याचा वेळही कमी झाला.

तिसरी तऱ्हा टिकलीच्या पिस्तुलाची. टिकलीवर ठोका बसताच ती फुटते. बाहेरचा विस्तव लागतच नाही. तांब्याच्या इवल्याशा टोपीत असाच ठोक्याने भडकणारा मसाला भरून ती बंदुकीच्या कान्यावर बसवली, की झाली टोपीची बंदूक. पाऊस असो, वारा असो, बार उडायचाच.

दिवाळीत एकाच घरात एकाच संध्याकाळी या तिन्ही तऱ्हा दिसतात. इतिहासात पहिलीपासून तिसरीपर्यंत पोचायला सोळाव्या शतकाच्या आरंभापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंतचा काळ लागला.

तोफ धावली, मग बसली

दख्खनमध्ये दारूच्या हत्यारांनी प्रथम चांगलीच धाव घेतली, हे सांगितले पाहिजे. 1520 साली रायचूरच्या लढाईत आदिलशाही फौजेकडे तोफा पुष्कळ होत्या. त्यांची पहिली सरबत्ती भयंकर झाली. पण तोफा पुन्हा भरेपर्यंत कृष्णदेवरायाची फौज अंगावर आली आणि लढाई विजयनगरने जिंकली. पुढे रायचूरचा किल्ला घेताना काही पोर्तुगीज बंदूकवाले रायाच्या मदतीला होते. तटावर डोके काढणाऱ्या शिपायांना ते नेमके टिपत. तोफ गर्जते खरी, पण नेम आणि भरण्याचा वेग यांवाचून तिचा उपयोग थोडा, हा धडा त्या वर्षी सर्वांना मिळाला.

तो धडा दख्खनच्या कारागिरांनी मन लावून घेतला. पुढच्या पन्नास वर्षांत किल्ल्यांचे रूपच पालटले. उंच, भरीव बुरूज उठले आणि त्यांवर फिरत्या बैठकीवर प्रचंड तोफा चढल्या. तोफा घडवण्याच्या रीती दोन. एक ओतीव काशाची. दुसरी घडीव लोखंडाची; ती समजायला गावातला लोहार आठवावा. बैलगाडीच्या चाकावर तो तापवून लाल केलेली धाव चढवतो. ती निवताना आकसते आणि लाकडाला घट्ट आवळते. त्याचप्रमाणे लांब लोखंडी पट्ट्या नळीसारख्या जुळवून त्यांच्यावर तापलेल्या कड्या एकीला एक लागून चढवत. बांगड्या भरलेल्या हातासारखी ही तोफ दिसते. चाकाची धाव चढवणाऱ्या हातांना ही विद्या परकी नव्हती.

1549 साली अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, महंमद बिन हुसेन रूमी या तोफ ओतणाऱ्या उस्तादाने मलिक-ए-मैदान ओतली. वजन सुमारे 55 टन. ही तोफ पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती आणि 1632 च्या सुमारास ती विजापुरास नेली गेली. एवढे अजस्र धूड त्या काळच्या रस्त्यांवरून बैलांनी आणि हत्तींनी कसे ओढले असेल, याची कल्पना परांड्याच्या वाटेने प्रवास करणाऱ्यानेच करावी! पण इथेच तोफेची धाव संपली. आणखी मोठी, आणखी जड, यापलीकडे कुणाची मजल जाईना. 1854 साली इंग्रजांच्या अमदानीत मलिक-ए-मैदानचा लिलाव पुकारला, तेव्हा सर्वांत मोठी बोली आली 150 रुपयांची. सुदैवाने तो लिलाव रद्द झाला आणि तोफ आजही विजापूरच्या बुरुजावर आहे.

कंधारचा सुरुंग

एवढ्या मोठ्या तोफा आल्यावर किल्ले तोफांनीच पडू लागले असतील, असे वाटणे साहजिक आहे. आपल्या जिल्ह्यांतील किल्ल्यांची कहाणी तसे सांगत नाही.

शहाजहानच्या कारकिर्दीत 1631 साली मोगल सरदार नसिरीखान याने नांदेडजवळच्या कंधारला वेढा घातला आणि किल्ला घेतला. शहाजहानच्या दरबारी इतिहासाची, पादशहानाम्याची, जी सचित्र प्रत आज इंग्लंडच्या विंडसर राजवाड्यात आहे, तिच्यात या वेढ्याचे चित्र आहे. आपल्या कंधारचे चित्र विंडसरमध्ये असावे, ही गोष्ट मराठवाड्यातही थोड्यांनाच ठाऊक असते. अफगाणिस्तानातले कंदाहार प्रसिद्ध असल्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो, तो भाग वेगळा. हाच सरदार पुढे खान-ए-दौरान या किताबाने गाजला आणि 1636 साली त्याने उदगीर व औसा हे दोन्ही किल्ले मोगलांना मिळवून दिले.

पाण्याने भरलेला खंदक, दुहेरी तट, तटावर तोफा, आत धान्य आणि विहिरी अशा किल्ल्यापुढे बाहेरची तोफ पुष्कळदा हात टेकी. कंधारला निकाल लावला तो सुरुंगाने. रात्रीच्या रात्री चर खणत तटाखाली जायचे, पोकळीत दारू भरायची आणि वात पेटवायची. म्हणजे जी दारू नळीत घालून उपयोग होईना, ती जमिनीत पुरून झाला. कादंबरीतला विक्षिप्त लोहार इथे कुठेच नाही. आहेत ते कुदळ-फावडे घेतलेले बेलदार. त्यांतला एकही दरबारी इतिहासात नावाने उरला नाही.

एकाच ठिकाणी बाण आणि बंदूक

आता नांदेडला येऊ. 1708 साली बादशहा बहादूरशहाच्या स्वारीबरोबर गुरू गोविंदसिंग दक्षिणेत आले आणि त्याच वर्षी 7 ऑक्टोबरला नांदेड येथे त्यांचे देहावसान झाले. सचखंड श्री हुजूर साहिब येथे त्यांची शस्त्रे भक्तिभावाने जतन केली आहेत. त्यांत तलवारी आहेत, ढाल आहे, 35 बाण आणि दोन धनुष्ये आहेत, आणि एक तोड्याची बंदूकही आहे.

शस्त्रांच्या इतिहासाच्या दृष्टीने ही यादी फार बोलकी आहे. रायचूरच्या लढाईला तोवर 188 वर्षे झाली होती. एवढ्या काळात बंदुकीने धनुष्याला हद्दपार केले नव्हते. एक थोर योद्धा दोन्ही बाळगत होता. आणि यात त्याने काही चुकीचे केले नाही. सतराव्या शतकात हिंदुस्थानात राहून गेलेला फ्रेंच प्रवासी बर्निए नमूद करतो की, बरकंदाज दोन बार काढीपर्यंत घोडेस्वार सहा बाण सोडतो. घोड्यावर बसून पेटता तोडा सांभाळणे किती कठीण, हे वेगळे सांगायला नको.

त्या सुमारास युरोपातल्या फौजा तोडा टाकून चकमकीकडे वळल्या होत्या. आपल्याकडे मात्र तोडा आणखी शे-सव्वाशे वर्षे टिकला. याला आळस म्हणणे अन्याय होईल. चकमकीच्या यंत्राला उत्तम पोलादाची कमान लागते, बेताची घडलेली गारगोटी लागते, आणि कमान मोडली तर तशीच दुसरी करणारा कारागीर जवळ लागतो. तोड्याच्या बंदुकीला गावचा लोहार पुरे. शिवाय आपली लांब नळीची तोडेदार बंदूक नेमाला आणि पल्ल्याला साहेबाच्या बंदुकीपेक्षा पुष्कळदा सरस ठरे. बुरुजावर शांतपणे बसून नेम धरणाऱ्या शिपायाला तिच्यात काही उणे वाटत नसे.

उणे दिसले ते मैदानात. चकमकीची बंदूक घेतलेले, संगीन लावलेले, एका हुकमाने बार काढणारे आणि एका हुकमाने पुन्हा भरणारे पाचशे शिपाई समोर आले, की पाच हजार स्वारांची घोडदौड थबके. त्या पाचशांच्या बंदुका विकत मिळत. त्यांची कवायत, वक्तशीर पगार आणि दारूगोळ्याचा अखंड पुरवठा मात्र बाजारात मिळत नसे. बंदुकीचा खरा वेग ठरला तो इथे.

उदगीर, 1760

ही नवी विद्या दख्खनेत आणली फ्रेंच सेनानी बुसी याने. 1751 पासून 1758 पर्यंत तो निजामाच्या दरबारी होता, आणि त्याच्या तोफांची धग खुद्द पेशव्यांनाही लागली होती. बुसीच्या हाताखाली तयार झालेल्या देशी शिपायांना लोक गारदी म्हणू लागले. फ्रेंचांच्या ‘गार्द’ या शब्दावरून हे नाव आले असे सांगतात. या गारद्यांचा एक नामांकित सरदार इब्राहिमखान. तो निजामअलीच्या चाकरीत होता. 1759 साली ती सुटली आणि पेशव्यांनी त्याला त्याच्या पलटणीसह आणि तोफांसह चाकरीस ठेवले.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत उदगीरची मोहीम झाली. सदाशिवरावभाऊ आणि तरुण विश्वासराव मराठी फौजेबरोबर होते. समोर सलाबतजंग आणि निजामअली. निजामाची फौज तोफांचे कडे करून, मध्ये बाजारबुणगे आणि सामान घेऊन, उदगीरहून औशाच्या रोखाने सरकत होती. जुन्या तऱ्हेने मराठी घोडेस्वारांनी चारी बाजूंनी वेढून तिची रसद तोडली. पण तोफांचे कडे नुसत्या घोड्यांनी फुटत नाही. या वेळी तेच काम करायला इब्राहिमखानाच्या तोफा आणि गारदी होते. फेब्रुवारी 1760 च्या आरंभी औशाजवळ निकराची लढाई होऊन निजामाची फळी फुटली. तहात पेशव्यांना साठ लाखांहून अधिक उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, असीरगड, विजापूर यांसारखी ठाणी मिळाली.

आज लातूर जिल्ह्यात मोडणाऱ्या या माळरानावर मराठ्यांची जुनी घोडदौड आणि नवी कवायत एकमेकींना पूरक झाल्या. त्याच दिवसांत उत्तरेत दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी आली आणि हीच विजयी फौज मार्च महिन्यात परतुराहून पानिपतच्या वाटेला लागली.

पुढचे सर्वांना माहीत आहे. 14 जानेवारी 1761 रोजी इब्राहिमखानाच्या आठ-नऊ हजार गारद्यांनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण केली. पण कवायती पलटणीची शिस्त आणि घोडेस्वारांची उतावीळ यांचा मेळ शेवटपर्यंत टिकला नाही. उंटांच्या पाठीवर हलक्या तोफा बांधून अब्दालीने त्या हव्या तिथे पळवल्या. मराठ्यांच्या जड तोफा जागच्या जागी राहिल्या. गारद्यांपैकी बहुतेक जागीच पडले. इब्राहिमखान जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला आणि मारला गेला.

उदगीरला जी विद्या आपल्या बाजूने होती, ती एका माणसाबरोबर आली होती आणि त्याच्याचबरोबर गेली. ती शिकवणारी शाळा पुण्यात नव्हती, त्या बंदुकांची कमान घडवणारा कारखाना नव्हता, आणि गारद्यांनंतर त्यांची जागा घेणारी दुसरी पिढी तयार नव्हती. कादंबरीत नायकाने एकदा मिळवलेले हत्यार पुढच्या सर्व प्रकरणांत त्याच्याकडेच राहते. इतिहासात तसे होत नाही.

महादजी शिंद्यांनी हे ओळखले. द बॉईनच्या हाताखाली त्यांनी कवायती पलटणी उभ्या केल्या आणि आग्र्यास तोफा-बंदुकांचा कारखाना चालवला. इकडे हैदराबादला रेमाँ या फ्रेंच सेनानीने निजामासाठी तोफांचा कारखाना काढला. तो भाग आजही ‘गनफाउंड्री’ या नावाने ओळखला जातो. वेग आता खरोखरच वाढला होता. 23 सप्टेंबर 1803 रोजी भोकरदनजवळ असईला शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजांची दीड हजारांहून अधिक माणसे मारली वा जखमी केली. तोफा चांगल्या होत्या, त्यांचे गोलंदाज तोफांशेजारीच मरून पडले. पण पलटणींचे पुष्कळ परदेशी अंमलदार लढाईच्या आधीच नोकरी सोडून गेले होते. कारखाना उभा राहिला, तरी हुकूम देणारा घरचा माणूस अजून तयार झाला नव्हता.

नोव्ह्याचा वेढा

यानंतरची एक हकीकत नांदेडच्या उत्तरेची आहे आणि ती पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. हटकरांचा पुढारी नौसाजी नाईक याने निजामाविरुद्ध बंड करून नोव्ह्याचा किल्ला धरला. किल्ल्यात अरब शिबंदी होती; तिच्याकडे लांब नळीच्या तोड्याच्या बंदुका. जानेवारी 1819 मध्ये निजामाच्या पदरच्या, पण इंग्रज अंमलदारांच्या हाताखालच्या रसेल ब्रिगेडने वेढा दिला. तिच्याकडे चकमकीच्या बंदुका, तोफा आणि कवायत. तरीही अरबांच्या नेमामुळे तटाजवळ जाणे कठीण झाले. शेवटी काय केले? चर खणत खणत तटापर्यंत गेले, सुरुंग उडवला आणि भगदाडातून आत शिरले. आतली बहुतेक शिबंदी कापली गेली.

कंधारच्या वेढ्यानंतर 188 वर्षांनी, त्याच टापूत, किल्ला त्याच कुदळीने आणि त्याच दारूने पडला. बंदुकीच्या चालीचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण. योगायोग असा की, रायचूरपासून नांदेडच्या त्या बंदुकीपर्यंतचे अंतरही तेवढ्याच वर्षांचे. असे हे पावणेदोनशे-दोनशे वर्षांचे लांब लांब पल्ले!

साठ वर्षांची घोडदौड

आणि मग एकाएकी घोडे उधळले. स्कॉटलंडातल्या फोर्सिथ नावाच्या एका धर्मोपदेशकाला बदकांच्या शिकारीचा शौक होता. चकमकीचा भडका दिसताच बदके उडून जात. त्यावर उपाय म्हणून त्याने ठोक्याने पेटणारा मसाला वापरला आणि 1807 साली त्याचे पेटंट घेतले. त्यातून तांब्याची टोपी निघाली आणि 1840 च्या सुमारास ती इंग्रजी फौजेत रूढ झाली. 1849 मध्ये फ्रान्सच्या मिनिए याने नळीत सहज उतरणारी, पण बार होताच फुगून नळीतील पिळाला घट्ट बसणारी गोळी काढली. 1853 ची एन्फील्ड रायफल तिच्यावरच बेतलेली. तिच्या काडतुसांवरून 1857 साली जे रामायण घडले, ते सर्वश्रुत आहे. 1866 मध्ये मागून भरायची स्नायडर आली, 1871 मध्ये मार्टिनी-हेन्री, 1884 मध्ये मॅक्सिमची यंत्रतोफ. त्याच वर्षी फ्रान्समध्ये धूर न करणारी दारू निघाली आणि 1888 मध्ये एका दमात आठ गोळ्या पोटात ठेवणारी ली-मेटफोर्ड.

तीनशे वर्षांत जे झाले नाही, ते पन्नास-साठ वर्षांत झाले. हा वेग कादंबरीतल्या वेगाच्या जवळ येतो. त्याचे कारण मात्र एखाद्या लोहाराची प्रतिभा हे नव्हे. फोर्सिथची युक्ती सैन्यात पोचली, कारण तोवर वाफेची यंत्रे होती, एकसारखे सुटे भाग कापणारे लेथ होते, रसायनाच्या प्रयोगशाळा होत्या आणि हे सारे विकत घेणारा खजिना होता. एका बंदुकीचा चाप दुसऱ्या बंदुकीला बसू लागला, त्या दिवशी गावच्या लोहाराचा आणि बंदुकीचा संबंध तुटला.

आपल्या देशापुरती आणखी एक गोष्ट घडली. 1857 नंतर इंग्रजांनी देशी पलटणींना मुद्दाम एक पिढी मागचे हत्यार देण्याचा परिपाठ ठेवला. गोऱ्यांच्या हाती मार्टिनी असताना देशी शिपायाच्या हाती स्नायडर. 1878 च्या शस्त्रकायद्याने सामान्य माणसाच्या बंदुकीला परवान्याची बेडी पडली. नवे शस्त्र निघण्याचा वेग एक, आणि ते आपल्यापर्यंत पोचू देण्याचा वेग दुसरा!

1948 : ठासणी आणि रणगाडा

या दोन वेगांतले अंतर मराठवाड्याने 1948 साली अंगावर झेलले. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरला वकिली करणारा गृहस्थ. त्याच्या संघटनेची संख्या सुमारे दोन लाख सांगतात. पण त्यांपैकी चौथाईकडेच नव्या तऱ्हेच्या बंदुका होत्या आणि बाकीच्यांकडे ठासणीच्या बंदुका आणि तलवारी. म्हणजे अणुबॉम्ब पडून तीन वर्षे झाल्यावर लातूर-उदगीरच्या रस्त्यांवर फोर्सिथच्या काळातले हत्यार फिरत होते. सरकारी फौजेसाठी सिडनी कॉटन नावाचा साहसी वैमानिक कराचीहून विमानांतून चोरून शस्त्रे आणीत होता.

उलट बाजूला काय होते? सरहद्दीवरच्या छावण्यांत जमलेले तरुण, मोजक्या बंदुका आणि काडतुसे मोजून वापरण्याची सक्ती. 30 जानेवारी 1948 रोजी, ज्या संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. लढा चालवायला पैसा हवा होता. उदगीरजवळच्या हत्तीबेटाच्या आश्रयाने शेतकऱ्यांच्या पोरांनी रझाकारांशी झुंज दिली, तीही अशाच तुटपुंज्या हत्यारांवर.

13 सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने रणगाडे घेऊन नळदुर्गाच्या रस्त्याने आत शिरले आणि 17 तारखेला निजामाने हार पत्करली. पाच दिवस! तोडा, चकमक, टोपी असा इतिहास पाठीशी असलेल्या मुलखात रणगाड्यापुढे ठासणीची बंदूक घेऊन उभे राहण्याचे धाडस कुणी केले असेल, तर त्याचा निकाल लागायला मिनिटेही लागली नसतील.

पण त्या वर्षीची सगळी माणसे रणगाड्यांनी किंवा रायफलींनी मेली नाहीत. आधी रझाकारांच्या अत्याचारांत, आणि कारवाईनंतर उसळलेल्या सूडाच्या आगीत, जी नि:शस्त्र माणसे गेली ती बहुतेक जुन्यापुराण्या हत्यारांनीच. कारवाईनंतर चौकशीसाठी आलेल्या सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे नोंदली आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. शस्त्र किती नवे, यावर माणसाचे दु:ख मोजता येत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हिशेब

जुने शस्त्र सहजासहजी मरत नाही, हेही या कहाणीवरून ध्यानात येते. ली-एन्फील्डची ‘थ्री-नॉट-थ्री’ ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची रायफल. 2008 सालच्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा आपल्या काही पोलिसांच्या हाती तीच होती, आणि समोरच्याच्या हाती स्वयंचलित रायफल. 1760 मध्ये धनुष्य, भाला, तोडा आणि चकमक एकाच मैदानात होती, तशीच ही गोष्ट. खऱ्या युद्धात सगळी शतके एकदम हजर असतात.

म्हणून कादंबरीकाराला काल्पनिक युद्ध रंगवायचे असेल, तर त्याने बंदूक कुणी शोधली एवढे सांगून थांबू नये. तिची कमान कोण घडवतो, शोरा कुठून येतो, शिपायाचा पगार किती महिने थकला आहे आणि तो मेल्यावर त्याच्या जागी कोण उभा राहणार, एवढ्या चार गोष्टी त्याने सांगाव्यात. कथेचा वेग थोडा मंदावेल. पण खरेपणा येईल.

आणि वाचकांनी सुटीत मुलांना घेऊन कंधार, उदगीर, औसा अवश्य पाहावे. मुले तोफेवर चढून छायाचित्र काढतील, काढू द्यावे. नंतर त्यांना त्या तोफेवरच्या लोखंडी बांगड्या मोजायला सांगाव्यात. एकेक कडे चढवायला किती कोळसा, किती भाता आणि किती माणसांचे हात लागले असतील, याचा अंदाज करायला लावावा. त्या हातांची विद्या पुढच्या पिढीकडे का पोचली नाही, हा प्रश्न त्यांनी विचारला, तर उदगीरची आणि पानिपतची हकीकत त्यांना सांगावी. ती सांगण्यासारखी आहे.